वांग

पहिल्यांदा वाटलं, टाकीवरची काजळी लागली असेल.
माटुंग्यातल्या गच्चीवरून उतरले,
सोसायटीच्या नळाखाली खसाखसा तोंड धुतलं.
वॉचमन म्हणाला, मॅडम, राहिलंय अजून,
इथे, गालावर.
राहिलंयच. सहा वर्षं झाली.

माझं काम पाण्यात अळ्या शोधायचं.
महापालिकेचं ओळखपत्र, टॉर्च, पळी,
आणि लोखंडी शिडी, अकरानंतर चटके देणारी.
डास सावलीत बसतात,
टाक्या उन्हात.

सासूबाईंनी दुधात जायफळ उगाळलं.
सहाणेवर हात गोल गोल,
बोलणं मात्र सरळ:
बाळंतपणाचा वांग तो, येतो तसा जातो.
ते बाळ आता पाढे म्हणतं.
वांग सतराच्या पाढ्यासारखा
तिथेच अडून बसलाय.

मग केमिस्टने काउंटरखालून ट्यूब काढली.
चिठ्ठी नको, काही नको, पंच्याण्णव रुपये.
पंधरा दिवसांत अशी उजळले
की पाताडे साहेब म्हणाले, रजेवर होता वाटतं.
मी आणखी दोन आणल्या.
चौथ्या महिन्यात गाल लाल, पातळ,
कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखे.
फोडणीची वाफसुद्धा झोंबायची.
ट्यूब थांबवली, तर डाग परत आला,
सोबत दोन भावंडं घेऊन.

सायनच्या ओपीडीत डॉक्टर तडवी,
माझ्या भाचीच्या वयाची.
खोलीतला दिवा घालवून, जांभळ्या उजेडात
हनुवटी धरून म्हणाली, खोल आहे,
विहिरीबद्दल बोलावं तसं.
जाईल का?
फिका होईल. परत येईल. परत फिका करू.
उन्हात जाऊ नका.
मी ओळखपत्र पुढे केलं.
ती जरा वेळ पेन चावत बसली, मग लिहिलं:
सनस्क्रीन, दोन बोटं भरून, दर तीन तासांनी.
टोपी, रुंद काठाची.
रात्रीचं मलम वाटाण्याएवढंच.
वाटाण्याखाली दोन रेघा.

तोंड काळं करणं म्हणजे काय
हे मला परकर नेसायच्या वयापासून माहीत आहे.
पण मी कुठे पळून गेले होते?
शिडी चढले, उतरले, इतकंच.
तरी चुलत नणंदेच्या हळदीला
सगळ्यांच्या गालांना हळद लागली,
माझ्या फक्त हाताला.

गेल्या महिन्यात किंग्ज सर्कलजवळ
तिसऱ्या मजल्यावरच्या विशालाक्षी मामी
किल्ली द्यायला दारात आल्या.
माझी टोपी बघितली, पांढुरके गाल बघितले,
आणि दार अर्धं लोटून
पदराने स्वतःची पावडर पुसली.
कपाळावर, वरच्या ओठावर,
चहा सांडून वाळावा तसं.
मामी, तुम्ही तर घरातच असता.
खिडकी आहे ना, त्या म्हणाल्या. आणि गॅस.
मग अगदी हळू,
यांच्यासमोर मी ट्यूबलाइट लावत नाही.
मुठीत तीच, पंच्याण्णव रुपयेवाली.
बरं वाटतंय ना हिने, मी विचारलं.
फार बरं, म्हणाल्या,
आणि रडल्या.
फेकू नका एकदम, म्हटलं,
आणि नवीनही आणू नका.
मंगळवारी सायनला चला. रांगेत मी उभी राहते.

वर गेले. झाकण सरकवलं, टॉर्च मारला.
पाण्यात माझं तोंड, डागासकट, थरथरत होतं.
निरखून बघितलं.
मी नव्हते थरथरत. अळ्या होत्या.

पळी बुडवली. सात निघाल्या.
टोपीच्या सावलीत बसून सोसायटीची नोटीस लिहिली,
खाली सही केली,
आणि बघते तर सहीशेजारी
सनस्क्रीनचा पांढरा अंगठा.